सतरा नंबर

बोट पुढं जायचं सोडून आडवी चालली होती.

शीड फुगलेलं. वारा डावीकडून, आखाडातला, अंगाला ढकलणारा. अँड्र्यूनं सुकाणूचा दांडा दोन्ही हातांनी धरून बोटीचं तोंड समोरच्या टेकडीवर रोखून ठेवलं होतं, आणि तोंड टेकडीवरच होतं. पण बाकीची बोट खेकड्यासारखी उजवीकडं सरकत होती. काठाकाठानं. वेड्या बाभळींच्या दिशेनं.

मुळा धरणाच्या फुगवट्यावर त्या रविवारी पन्नासेक माणसं जमली होती. चर्च सुटल्यावर निम्मी माणसं थेट इकडं आली होती. जी चर्चला जात नव्हती ती आधीच जागा धरून बसली होती.

"अय अंद्र्या," त्याच्याबरोबर शाळेत असलेल्या मच्छिंद्रनं काठावरून हाळी दिली, "टेकडी तिकडं राह्यली."

"शेंगा काढाय चाललाय बाभळीच्या," दुसरं कोणीतरी म्हणालं. "शेळ्या घेतल्यात का काय नवीन?"

लोक हसले. अँड्र्यूनं दांडा इकडं ओढला, तिकडं रेटला. दोरी ताणली, सैल सोडली. मोबाईलवर व्हिडिओ बघून शिकलेलं सगळं करून झालं. बोट आपली सरकतच राहिली आणि शेवटी बाभळीखालच्या चिखलात जाऊन रुतली. डोलकाठी फांद्यांत अडकली. शिडाला वीतभर चीर पडली, तिचा आवाज काठापर्यंत गेला असावा, कारण हसणं थांबलं.

मोझेस भिंगारदिवे तोपर्यंत एका दगडावर बसून होते. वय अडुसष्ट. अंगात चर्चचा पांढरा शर्ट. पोरानं बोट आणली आहे हे त्यांना त्याच दिवशी, तासाभरापूर्वी कळलं होतं. टेम्पोवरची ताडपत्री निघाली तेव्हा त्यांनी बोटीवरचा आकडा वाचला होता, सतरा. मग बोटीच्या कडेवरून हात फिरवला होता.

"कप्तान, बघा की काय झालं ते," मच्छिंद्र म्हणाला.

मोझेस उठले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, चप्पल काढून जोडीनं ठेवली आणि पाण्यातून चालत बोटीपाशी गेले. त्यांनी बोटीच्या पोटाखाली हात घातला. हात मधोमध गेला, पुढं सरकला, मागं आला. थांबला.

मग त्यांनी बोटीत पाहिलं. मधे कंबरेएवढी नाही, पण गुडघ्याच्या वर येईल अशी एक चपटी उभी पेटी होती, वरून फट असलेली. त्या फटीत अँड्र्यूनं लांब दांड्याची छत्री खोचून ठेवली होती. मोझेसनी छत्री हळूच वर ओढून काढली, आत डोकावले, आणि छत्री परत होती तशी ठेवली.

"पप्पा, काय झालं?" अँड्र्यूनं बारीक आवाजात विचारलं.

त्यांनी उत्तर दिलं ते काठाकडं तोंड करून.

"चूक माझी हाय," ते म्हणाले. "खाली एक फट असती. तिच्यातनं फळी सोडायची पान्यात, म्हंजी बोट घसरत न्हाई. ती फट म्याच बुजवाय लावली पोराला. समुद्रातल्या जहाजाला तसली फट नसती ना. माझ्या डोक्यात तेच बसल्यालं."

माणसांनी एकमेकांकडं पाहिलं. मग मच्छिंद्र म्हणाला, "जाऊ द्या कप्तान. वय झालं आता."

"व्हय. वय झालं," मोझेस म्हणाले.

अँड्र्यू बोटीत बसून होता. फट बुजवायला त्याला कोणीही सांगितलं नव्हतं. आणि त्याच्या बापानं समुद्र पाहिलेला नव्हता. या दोन्ही गोष्टी त्याला माहीत होत्या, तोंड उघडलं तर काठावर ऐकू जाईल एवढंच अंतर होतं. त्यानं दोरी गुंडाळायला घेतली. एकदा गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली.

*

अँड्र्यू हा फायबरचा कारागीर. राहुरी फॅक्टरीच्या रस्त्याला त्याचं पत्र्याचं शेड आहे. पाण्याच्या टाक्या, कूलरच्या बॉड्या, बाथरूमचे दरवाजे. एकदा एका रसवंतीवाल्याला दारात ठेवायला अख्खा बैल करून दिला होता, तो अजून उन्हात उभा आहे, रंगसुद्धा उडाला नाही. काम कुठं शिकला नाही. बघून बघून केलं.

मागच्या हिवाळ्यात त्याला पुण्याच्या पलीकडं, तलावावरच्या एका बोट क्लबातून टाकीची ऑर्डर आली. तो ती पोचवायला गेला. गेटावर क्लबाचं नाव वाचलं तेव्हा तो तिथंच थांबला. याच क्लबात मोझेस सव्वीस वर्षं बोटमन होते. बोटी धुवायच्या, शिडं वाळवायची, साहेबलोक चढताना-उतरताना बोट धरून उभं राहायचं. अँड्र्यू इथं कधी आला नव्हता. यायचं टाळलं होतं.

मॅनेजर बोलका होता. टाकीचं बिल करता करता म्हणाला, "तुमच्या नगरकडचा एक मोझेस होता इथं. सोन्यासारखा माणूस. ओळखता का?"

"नगर मोठं आहे साहेब," अँड्र्यू म्हणाला.

बाहेर आला तर एका झाडाखाली भंगारात टाकलेली एक छोटी फायबरची बोट होती. कुशीवर पडलेली, आत पालापाचोळा, डेकला चिरा. बाजूला आकडा, अर्धवट पुसलेला. सतरा. हा आकडा त्याला ठाऊक होता. पप्पा घरी असताना कधी क्लबातून फोन आला की बोलणं संपताना म्हणायचे, "सतराला नीट झाका." बाकी बोटींची चौकशी नसायची.

त्यानं परत आत जाऊन विचारलं. मॅनेजर हसला, काय करणार म्हणाला. जुन्या मोटरसायकलच्या भावात सौदा झाला. ज्या टेम्पोतून टाकी आली होती त्याच टेम्पोतून बोट राहुरीला गेली. बापाला ओळखत नाही म्हटल्यावर दहा मिनिटांत त्यानं बापाची बोट विकत घेतली. असा तो हिशोब होता. त्याला स्वतःलाही तो कळत होता.

पाच महिने तो संध्याकाळचा बोटीवर काम करत राहिला. घरी सांगितलं नाही. ग्राइंडरनं सगळी जुनी चिरलेली कातडी काढली. काचेच्या धाग्यांची मॅट कापली, रेझीनमध्ये हार्डनर मोजून टाकलं, रोलरनं एकेक बुडबुडा दाबून बाहेर काढला. हातांना काचेची खाज सुटायची, त्याची बायको रोज विचारायची, "कसली ऑर्डर आहे एवढी?" तो म्हणायचा, "मोठ्या माणसाची."

बोटीच्या बुडाला मधोमध ती फट होती. हातभर लांब, दोन बोटं रुंद, वर ती चपटी पेटी. फळी कधीच हरवलेली. अँड्र्यूनं तिच्याकडं टाकीवाल्याच्या डोळ्यांनी पाहिलं. बुडाला भोक. घाण पाणी सोडायला टाकीला खाली भोक असतं, पण त्याला बूच असतं. इथं बूच बसायची सोयसुद्धा नव्हती. कोणा अडाण्यानं ठेवलंय, असं म्हणून त्यानं चार मॅट टाकून ती बुजवली. वरून घासून इतकी सपाट केली की हात फिरवला तर कळू नये. व्हिडिओत बोटी पळताना दिसायच्या, पाण्याखालचं काही दिसायचं नाही.

मग त्यानं टेस्ट घेतली. टाकीची घेतात तशीच. बोटीच्या आत काठोकाठ पाणी भरलं आणि दोन दिवस ठेवलं. थेंब गळला नाही. मग बाजूला सतरा हा आकडा परत रंगवला. त्या दिवशी तो खूष होता.

एक प्रश्न विचारला असता तर काम झालं असतं. बाप दहा किलोमीटरवर, घरी, ओट्यावर बसून पेपर वाचत होता. पण बोटीचं विचारायचं म्हणजे क्लबाचं विचारायचं. आणि ते त्या घरात एकवीस वर्षं कोणी काढलं नव्हतं.

*

गोष्ट सातवीतली. बाकीच्यांचे बाप रविवारी घरी असायचे, अँड्र्यूचा मंगळवारी. क्लबाला शनिवार-रविवार गर्दी. वर्गात वैजनाथ सरांनी विचारलं, "भिंगारदिवे, वडील काय करतात?"

"बोटीवर असतात."

हे खोटं नव्हतं. पण बोटीवर असतात म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढं जहाज येतं. सर म्हणाले, "अरे वा. म्हणजे जगभर फिरत असतील." अँड्र्यूनं मान हलवली. खोटं ते तिथं झालं. मग ते वाढत गेलं. साहेबलोकांच्या पोरांनी बोटीत टाकलेले चॉकलेटचे चकचकीत कागद मोझेस त्याच्यासाठी घरी आणायचे. ते त्यानं वर्गात दाखवले. सिंगापूरचे म्हणून.

एका मंगळवारी सरांना मोझेस एसटी स्टँडवर भेटले. अँड्र्यू शेजारीच उभा होता. "पुढच्या मंगळवारी शाळेत या," सर म्हणाले, "मुलांना समुद्राचं सांगा काहीतरी." मोझेसनी पोराकडं पाहिलं. अँड्र्यू बुटाच्या लेसकडं बघत होता. "येतो," ते म्हणाले.

आले. इस्त्रीचा शर्ट घालून. वारा कुठून येतो ते मानेवरच्या केसांना आधी कळतं, असं सांगितलं. पाण्याचा रंग बदलला की वारा येतोय समजायचं, हे सांगितलं. सगळं खरं होतं, तळ्यावरचं. मग एका पोरानं विचारलं, "तुमचं जहाज केवढं हाय?"

मोझेसनी मागच्या बाकाकडं, अँड्र्यूकडं पाहिलं.

"लई मोठं," ते म्हणाले.

घरी येताना एवढंच बोलले, "चप्पल नीट घाल, काटे हायेत." पण जेवायला बसल्यावर प्रार्थना त्यांनी आईला करायला सांगितली. घरात जेवणाआधी प्रार्थना कायम तेच करायचे. आईनं विचारलं, "बरं न्हाई का?" ते म्हणाले, "आज तू कर."

पुढं गावानं त्यांना कप्तान म्हणायला सुरुवात केली. चहाच्या टपरीवर, बाजारात, चर्चच्या पायरीवर सुद्धा. दर वेळी अँड्र्यूला वाटायचं, कोणीतरी आपल्या खोटेपणाला हाक मारतंय, आणि ओ पप्पा देतायत.

*

सोमवारी सकाळी स्वयंपाकघरात डब्यांची आदळआपट ऐकून अँड्र्यू उठला.

"सकाळी सकाळी काय उपसताय?" त्याची आई, हन्नाबाई, विचारत होत्या.

"फळी लागती."

"अहो, त्याच्यावर डाळी-गुळाचे डबे हायेत माझे. कितीक वर्षं झाली. आता कुठं ठेवू?"

"खाली ठेव दोन दिवस. दुसरी बसवून देतो."

मोझेसनी खिळे उपटून फळी भिंतीवरून उतरवली. अँड्र्यू दारात उभा राहून पाहत राहिला. ही फळी त्यानं जन्मभर पाहिली होती. तिचं एक टोक गोल का आहे आणि एक कड सुरीसारखी पातळ का आहे, असा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता. वर एक भोक होतं, त्यात आई पळी अडकवायची.

"सतराची हाय," मोझेस म्हणाले. "कोपरा उडला म्हनून नवी केली त्यांनी. ही टाकून देत हुते. म्या आनली."

शेडमध्ये दोघांनी बोट पालथी घातली. अँड्र्यूचं काम समोर होतं, पांढरं, सपाट. बराच वेळ तो ग्राइंडरची वायर सोडवत राहिला. मग त्यानं विचारलं, "कुठं हुती, पप्पा?"

मोझेसनी बोटाच्या पेरानं बुडावर टकटक केलं. सरकत सरकत. जिथं आवाज बदलला तिथं कानामागची पेन्सिल काढून रेघ मारली. मग दुसऱ्या टोकाला. माप घेतलं नाही. फळी वर धरून पाहिली तर केसभर फरक नव्हता.

"किती मॅट टाकल्या?"

"चार."

"काम पक्कं हाय," ते म्हणाले. "क्लबात असं कोन करत नव्हतं."

यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं.

"मी विचाराय पायजे हुतं तुमाला," अँड्र्यू म्हणाला. "आनि काल…"

"डोळ्याला चष्मा लाव," मोझेस म्हणाले. "बारीक कन उडतो."

त्यानं चष्मा लावला आणि कापायला घेतलं. पांढरी धूळ उडाली, दोघांच्या भुवयांवर बसली. स्वतःच्या हातचं इतकं चांगलं काम त्यानं आजवर कापलं नव्हतं.

*

मंगळवारी काठावर कोणी नव्हतं. एकटा मच्छिंद्र थर्माकोलच्या ठोकळ्यावरून उतरून जाळ्यातला गाळ झटकत होता. मोझेस वीसेक पावलांवर शिडाची शिवलेली चीर तपासत बसले होते. वारा त्यांच्याकडून इकडं येत होता, म्हणजे इकडचं बोलणं त्यांच्यापर्यंत जाणार नव्हतं. अँड्र्यूनं ते बघून घेतलं. मग तो मच्छिंद्रपाशी गेला.

"फट ठेवली का रं आता?" मच्छिंद्रनं विचारलं.

"ठेवली. मच्छ्या, ऐक. ती फट मी बुजवली हुती. पप्पांनी न्हाई सांगितलं. त्यांना मी इचारलंच नव्हतं."

"बरं."

"आनि दुसरं. पप्पा समुद्रावर कधी नव्हते. जहाजबिहाज काय न्हाई. पुन्याला क्लबात बोटमन हुते. शाळेत मी खोटं सांगितल्तं."

मच्छिंद्रनं जाळं खाली ठेवलं नाही. एक चिलापी सोडवली, टोपलीत टाकली.

"माहीत हाय," तो म्हणाला.

"कधीपासनं?"

"सातवीपासनं. तुझा बाप पुढच्या मंगळवारी परत आल्ता शाळेत. तू तापानं घरी हुतास. वर्गात उभा राह्यला आनि म्हनला, पोरांनो, मागच्या येळी मी खोटं बोललो. मी समुद्र बघितलेला न्हाई. तळ्यावर दुसऱ्यांच्या बोटी सांभाळतो. जहाज न्हाई माझं." त्यानं आणखी एक मासा सोडवला. "म्हनला, अंद्रूला सांगू नका. त्याला वाटंल तवा तो सांगंल."

अँड्र्यू पाण्याकडं बघत राहिला.

"पहिलं वर्षभर सरांच्या धाकानं गप बसलो. म्हनले हुते, जो बोलंल त्याची साल काढीन. मग सवयच लागली. घराघरात कळलं, पन तुझ्यापशी कोन बोललं न्हाई."

"मग कप्तान कशाला म्हनता? चेष्टा करता का त्यांची?"

मच्छिंद्रनं पहिल्यांदाच मान वर केली.

"येडा का काय तू? जहाजाचं भाषान केलं त्या दिवशी कोन म्हनलं हुतं का कप्तान? आठवून बघ. आमी म्हनाय लागलो ते दुसऱ्या मंगळवारनंतर."

अँड्र्यूनं आठवून पाहिलं. खरं होतं.

"लई येळ लावलास पन," मच्छिंद्र म्हणाला आणि जाळं झटकायला लागला.

*

बोट पाण्यात गेली. मोझेसनी फळी पेटीतून खाली सोडली, ती अशी बसली जशी कधी निघालीच नव्हती. सुकाणूवर ते स्वतः बसले. अँड्र्यूला पुढं बसवलं. वारा तोच होता, डावीकडून, आखाडातला. बोट थोडी कलली, आणि टेकडीकडं निघाली.

सरळ.

मोझेस दोरीकडं बघत नव्हते, शिडाकडंही नाही. मान जराशी वाकडी करून बसले होते, कानामागं काही ऐकत असल्यासारखे. पाण्यावर पुढं काळसर पट्टा दिसला की झुळूक पोचायच्या आधीच त्यांचा हात हलायचा. टेकडीवर रोखलेलं तोंड न हलवता त्यांनी बोट टेकडीखाली नेली. तिथं एक धामण पोहत होती. ती त्यांनी हातानं पोराला दाखवली. बस, तेवढंच बोलणं.

अँड्र्यूला सगळं सांगायचं होतं. मच्छिंद्र बोलला ते. मॅनेजरपुढं नगर मोठं आहे म्हणाला ते. तोंडाशी आलं आणि त्यानं मागं वळून पाहिलं. बापाच्या चेहऱ्यावर तो जे पाहत होता ते त्यानं घरात कधी पाहिलं नव्हतं. तो परत पुढं बघायला लागला.

काठ जवळ आला. मोझेसनी फळी वर ओढली, शीड सैल सोडलं, आणि बोट टेकायच्या आधीच टुणकन पाण्यात उतरले, अडुसष्ट वर्षांचा माणूस, गुडघाभर पाण्यात. एका हातानं बोटीचं नाक धरलं. दुसरा हात कोपरात वाकवून आडवा धरला. तळवा नाही, मनगट आणि कोपर यांच्यामधला भाग. कठड्यासारखा. आणि नजर खाली.

अँड्र्यू उठला होता. त्या हाताकडं बघत तो तसाच उभा राहिला.

सव्वीस वर्षं हा हात असाच पुढं होत होता. कोणीकोणी त्याच्यावर भार टाकून कोरड्या बुटांनी उतरून गेलं होतं. आत्ता समोर पोरगा होता हे मोझेसच्या ध्यानात नव्हतं. हात आपोआप आला होता.

अँड्र्यूनं हात धरला नाही. तो दुसऱ्या बाजूनं पाण्यात उतरला. तिकडं खोल होतं, कंबरेपर्यंत गेला, खिशातला मोबाईल भिजला. चिखलात पाय रोवून त्यानं बोटीची आपल्या बाजूची कड धरली.

"सोडा पप्पा," तो म्हणाला. "मी धरतो."

मोझेसनी वर पाहिलं. आधी त्याच्याकडं, मग स्वतःच्या आडव्या हाताकडं. हात खाली घेतला. पण बोट सोडली नाही.

वारा होताच. बोट हलत होती. आत कोणी नव्हतं, आणि दोघं दोन बाजूंनी तिला धरून पाण्यात उभे होते.